गाऱ्हाणे घालणारे आबा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे होते काय की एखादी गोष्ट मला कळली नाही तर घरी विचारायला कोणी नसते, आणि कळली तर ती घरी कशी सांगायची ते समजत नाही. आबांबद्दल लिहायचे ठरवले तेव्हाही हीच अडचण आली. जे पाहिले ते मला नीट मांडता येईल याची खात्री नाही. म्हणून जसे झाले तसे लिहिते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धामापूरच्या तळ्यापासून आत गेले की आमचे गाव लागते. भात, काजू आणि थोडे आंबे यांवर घर चालते. आबा चौथीपर्यंत शिकले आहेत आणि एरवी फार कमी बोलतात. ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, एखाद्या दाखल्यासाठी जायचे असेल तर गळ्यापर्यंतची सगळी बटणे लावून जातात. खिडकीपाशी पोचले की त्यांना "साहेब, मला दाखला" एवढेच बोलता येते. पुढचे सगळे बरोबर गेलेल्याने सांगायचे. मी दहावीला असल्यापासून बरोबर मीच जाते.

हेच आबा जत्रेच्या दिवशी देवीसमोर उभे राहिले की मला ओळखू येत नसत. आमच्याकडे गावाच्या वतीने कोणीतरी उभ्याने देवीशी बोलते. त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हा मान आमच्या घराचा आहे. गाऱ्हाणे कुठे लिहिलेले नसते. गावात त्या वर्षी जे घडले असेल ते त्यात येते. कोणाचा मोहर जळला, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, कोणाचा मुलगा बोटीवर आहे, कोणाची म्हैस आटली, हे आबा एकेक वाक्यात देवीला सांगत, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणे. बाजारातले एक मासळीवाले मुसलमान चाचा दरवर्षी नारळ पाठवतात. त्यांच्या होडीचेही नाव त्यात असे. मी सात-आठ वर्षांची असताना मला वाटायचे, आबांना गावातल्या प्रत्येक घराच्या आतले दिसते. आवाज ते चढवत नसत. तरी देवळाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जाई. मी आईच्या साडीचा पदर घट्ट धरून ठेवी.

दुसऱ्या वर्षाला असताना मराठीच्या सरांनी एकदा फळ्यावर 'वक्ता' हा शब्द लिहिला. सर घाटावरचे आहेत, शांतपणे शिकवतात. ते म्हणाले, वच् म्हणजे बोलणे, त्यावरून वक्ता, म्हणजे बोलणारा. बस्स, एवढाच त्याचा मूळ अर्थ. चांगले बोलणारा, हजारो लोकांना खिळवून ठेवणारा, हे सगळे आपण त्या शब्दाला मागाहून चिकटवले. मग त्यांनी वाग्मी सांगितला, म्हणजे वाणीवर ज्याची हुकमत आहे तो. वाचस्पती सांगितला, वाणीचा स्वामी. कोणीतरी 'फर्डा वक्ता' मधला फर्डा कुठून आला असे विचारले. सर म्हणाले, त्याबद्दल मी खात्रीने सांगू शकणार नाही. मला ते फार आवडले. सरांनाही एखादा शब्द माहीत नसतो आणि ते तसे सांगतात, याने मला धीर आला.

शेवटी त्यांनी काम दिले. आपापल्या घरी, आपल्या बोलीत, चांगल्या बोलणाऱ्याला काय म्हणतात ते शोधायचे. त्याचा अर्थ आणि मूळ लिहायचे. दोन पाने.

संध्याकाळी आई आणि काकी पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या. काकी म्हणजे आबांची बायको. मी वही घेऊन बसले आणि विचारले. दोघींनी भराभर शब्द दिले: तोंडाळ, बडबड्यो, चोंबडो. मी लिहून घेतले आणि म्हटले, या सगळ्या शिव्या झाल्या, मला चांगला शब्द हवा. आईने बराच विचार केला आणि म्हणाली की चांगला माणूस गप्प असतो, त्याला कसला शब्द? काकी सुपातला खडा काढून अंगणात टाकत म्हणाली, "जेचा काम चांगला, तेका तोंड कित्याक लागता गो?"

मग मी विचारले, आबांना गाव काय म्हणते? दोघी एकदम थांबल्या. मी विचारायला नको होते. आई हळूच म्हणाली, "गाऱ्हाणा घालणारो. आणि काय म्हणतले?" आणि उठून आत गेली.

हे काम मिळण्याआधीच, त्या वर्षीच्या श्रावणात, एका सकाळी गोठ्यातून येता येता आबा अंगणात मटकन खाली बसले होते. बसले ते उठता येईना. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. आठ दिवस दवाखान्यात काढले. दसऱ्यापर्यंत हात-पाय बरेचसे पूर्ववत झाले. जीभ मात्र राहिली. शब्द येत, पण विहिरीतून वर येणारी कळशी कठड्याला अडकावी तसा एखादा शब्द मध्येच अडके आणि सुटता सुटत नसे. आबा तेव्हा डोळे मिटून घेत. हळूहळू त्यांनी बोलणेच कमी केले. अंगणापलीकडे जाणे बंद केले. कोणी भेटायला आले की झोपल्याचे सोंग घेत, हे आम्हां सगळ्यांना माहीत होते.

आणि मार्गशीर्षात जत्रा होती.

दिवाळी झाल्यावर गावातले दोन जाणते आले. केळ्यांचा घड घेऊन आले होते. बराच वेळ भाताबद्दल बोलले, माकडांनी केलेल्या नुकसानीबद्दल बोलले. मग त्यांतल्या एकाने, मान खाली घालून, या वर्षापुरते खालच्या वाडीतल्या एकांना गाऱ्हाण्याला उभे करावे का, असे विचारले. मान तुमचाच राहील, असे दोनदा सांगितले. आबा त्या केळ्यांकडे पाहत राहिले. जाणते उठले तेव्हा जाता जाता म्हणाले, जत्रेच्या चार दिवस आधीपर्यंत निरोप द्या.

माझे वडील उभे राहू शकले असते, पण त्यांचे ठरलेले उत्तर होते: चार माणसांत मला पाणीसुद्धा मागता येत नाही. आणखी एक गोष्ट होती. सुरू केलेले गाऱ्हाणे अर्धे टाकून खाली बसायचे नाही, असे गावात मानतात. आबा उभे राहिले आणि मध्येच थांबले तर लोक काही बोलणार नाहीत, पण घरी जाऊन वर्षभर तेच आठवतील. काकी विहिरीवर मला म्हणाली, "गेले आणि अडाकले, तर परत माणसांत येवचे नाय. गेले नाय, तरी येवचे नाय." कळशी उचलून ती पुढे झाली.

मला वाटले, या कामी माझे शिक्षण उपयोगी पडेल. खरे सांगायचे तर माझी दोन पानेही त्यात होतील, हाही विचार मनात होता. आबांना गाऱ्हाणे घरी म्हणून दाखवा असे सांगणे शक्य नव्हते. कारण नसताना देवीला हाक मारायची नसते. मग शेजारच्या एका वहिनीच्या मोबाइलमध्ये गेल्या जत्रेचा व्हिडिओ सापडला. तो पुन्हा पुन्हा ऐकून मी सगळे गाऱ्हाणे उतरवून काढले. ढोलाच्या आवाजात काही वाक्ये बुडाली होती, तिथे माझी घातली. 'माका'चे 'मला' केले. सुरुवातीला 'हे जगज्जननी' जोडले. या वर्षी गावात जे घडले त्याची वाक्ये नवीन केली. 'व्हय म्हाराजा' प्रत्येक ओळीनंतर येत होते, ते मी पुनरुक्ती म्हणून काढून टाकले. मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये जागा सोडून, चार पाने झाली. आबांनी हातात धरून वाचायचे, म्हणजे अडकायचा प्रश्नच नाही.

दुपारी पडवीत त्यांना ती पाने दिली. त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीखाली ठेवून वाचू लागले. चारही पाने वाचायला त्यांना अर्धा तास लागला असेल. मी खांबाला टेकून उभी होते. मला वाटत होते, ते आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

"बरा... लिवलंस," ते म्हणाले. मग पुन्हा पहिल्या पानावर गेले. "ह्यात... व्हय म्हाराजा... खंय आसा?"

मी सांगितले की ते लोकांचे बोलणे आहे, गाऱ्हाण्यातले नाही, म्हणून लिहिले नाही.

आबांनी चष्मा काढला. मी चुकले की ते असेच बघतात, रागाने नाही, पण पुष्कळ वेळ. "मगे माका," ते म्हणाले आणि थांबले, "स्वास... खंय गावतलो?"

पानांची नीट घडी करून त्यांनी ती मला परत दिली.

मला इतकी लाज वाटली की तिथून पळावेसे वाटले. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी ते गाऱ्हाणे ऐकत होते, आणि त्यातला निम्मा भाग मी फालतू म्हणून काढून टाकला होता. लोक जेवढा वेळ 'व्हय म्हाराजा' म्हणतात तेवढ्यात आबा पुढचे घर आठवतात, पुढचे वाक्य जुळवतात, छातीत हवा भरून घेतात. ते एकटे कधी बोलतच नव्हते. आणि मी त्यांना एकट्याने वाचायला सांगत होते.

काहीतरी बोलायचे म्हणून मी दुसराच विषय काढला. कॉलेजच्या ग्रंथालयात मी 'गाऱ्हाणे' शब्द पाहिला होता. कोशात तक्रार असा अर्थ होता आणि मूळ संस्कृत 'गर्हण', म्हणजे निंदा, दोष देणे. ते वाचून मी गोंधळले होते. हात जोडून म्हटलेल्या गोष्टीच्या पोटात दोष देणे कसे असेल? मी आबांना विचारले, तुम्ही देवीला दोष देता का?

आबांनी विचार केला. "दुसऱ्या... कोणाक देवचो?" ते म्हणाले. "माणसांक... राग येता."

आणि ते हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. श्रावणानंतर पहिल्यांदा. आतून काकी काय झाले म्हणून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वडिलांच्या हाती जाणत्यांकडे निरोप पाठवला. निरोप दोन शब्दांचा होता: मी येतंय.

जत्रेच्या दिवशी सकाळी उन्हे देवळाच्या कौलांवर आली तेव्हा आम्ही पोचलो. आबांनी धोतर नेसले होते आणि खांद्यावर उपरणे होते. वडील त्यांच्या दोन पावले मागे चालत होते, धरायला लागले तर धरावे म्हणून, आणि धरतोय असे दिसू नये म्हणून हात पाठीमागे बांधून. खालच्या वाडीतले ते गृहस्थही आले होते. जाणत्यांनी त्यांना लागलेच तर म्हणून खांबापाशी बसायला सांगितले होते. त्यांनी आबांकडे पाहिले नाही आणि आबांनी त्यांच्याकडे. मी बायकांच्या बाजूला काकीशेजारी उभी राहिले. 

ढोल थांबले. आबा पुढे गेले, नारळ पायाशी ठेवला आणि उभे राहिले.

"गे माये... माउली," त्यांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा नव्हता. जाडसर आणि ओला होता. "आज तुजी लेकरा... तुज्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

दुसरे वाक्य आले, तिसरे आले. पावसाचे सांगून झाले, भाताचे झाले. चौथ्या वाक्याला तोंड उघडले आणि शब्द अडकला. आबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. देवळात एवढी माणसे, पण बाहेरच्या दुकानात कढईत पडणाऱ्या भज्यांचा आवाज ऐकू येत होता. वडिलांनी एक पाऊल पुढे टाकले आणि तसेच थांबले. खांबापाशी बसलेले गृहस्थ उठले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. काकीने माझे मनगट पकडले.

तेव्हा मागून, पुरुषांच्या गर्दीतून, कोणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आबांनी काहीच सांगितले नव्हते. तरी ते म्हणाले. मग सगळेच म्हणाले, नेहमीसारखे, एका दमात. न बोललेल्या वाक्याला गावाने होकार दिला होता. मी असे कधी ऐकले नव्हते, आणि कोणी आधी ठरवले होते असेही वाटत नाही. आबांनी छातीभर श्वास घेतला. मला तो श्वास लांबून दिसला. अडकलेला शब्द त्यांनी सोडून दिला आणि पुढचे वाक्य घेतले. "जे लांब गेले... जे पाण्यात आसत..."

"व्हय म्हाराजा."

आणखी तीन वेळा ते थांबले. तिन्ही वेळा गावाने त्यांच्या गप्प राहण्यालाही तसेच उत्तर दिले. तेवढ्यात आबा सावरत. गाऱ्हाणे दरवर्षीच्या निम्मेही झाले नसेल. म्हशींचे राहिले, मोहराचे राहिले. चाचांची होडी मात्र आली. शेवटी, वाकडे-तिकडे काही झाले असेल तर पोटात घाल, हे आले आणि गाऱ्हाणे पुरे झाले. ते अर्धे राहिले नाही. बोलीतला चांगला शब्द सापडला नाही म्हणून मी वक्ता शब्दाबद्दलच दोन पाने लिहून आधीच देऊन टाकली होती. त्यात वाग्मी होता, वाचस्पती होता, आणि आता मला वाटत होते की ती जाऊन परत मागावीत. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे मला त्या क्षणी वेगळे काढता आले नसते. अजूनही येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली आणि काकीच्याही. सगळ्या गावाचे सांगून झाले, पण आबांनी आपल्या जिभेबद्दल देवीला एक अक्षर सांगितले नाही. गाऱ्हाणे घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचे नसते. जे दुसऱ्याने सांगितले तेवढेच पुढे पोचवायचे.

मोठे गाऱ्हाणे झाले की घराघरांची सुरू होतात. ज्याला काही मागायचे असेल तो नारळ घेऊन येतो, आपले म्हणणे सांगतो, आणि गाऱ्हाणे घालणारा ते देवीला सांगतो. दरवर्षी ही रांग पायऱ्यांपर्यंत जाते. आबांसाठी पाट मांडला गेला. ते बसले. पलीकडे खांबापाशी ते दुसरे गृहस्थही होतेच. त्यांची जीभ चांगली चालते, त्यांच्याकडे गेले तर पाच मिनिटांत काम झाले असते. लोक नारळ हातात घेऊन घुटमळले. कोणाला आबांना दुखवायचे नव्हते आणि कोणाला त्यांना त्रासही द्यायचा नव्हता. कोणीच पुढे होईना. आबा आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत होते.

माझे मनगट सुटले. काकी बायकांच्या रांगेतून बाहेर पडली होती. आमच्या घरचा नारळ दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी जातो, आणि तो वडील ठेवतात. काकी कधी पुढे आलेली मी पाहिली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, ओटीतला नारळ काढला आणि गावातल्या कोणत्याही बाईसारखी आबांसमोर जाऊन उभी राहिली.

आबांनी वर पाहिले. मला वाटले, आता ते तिला घरी जा म्हणतील. पण समोर नारळ घेऊन आलेल्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी सगळ्यांना विचारतात तसेच विचारले, "काय... सांगूचा, बाये?"

"माज्या घोवाची जीभ जड झाली हा," काकी म्हणाली. कानात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "ती सुटांदे. तेका स्वतासाठी काय मागूक येणा नाय, म्हणान मी इलंय."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. जाणत्यांपैकी एकाने डोळे पुसले आणि मग तोही हसला. आबांनी नारळ घेतला. दोन्ही हातांत धरून देवीकडे वळले. इतक्यात काकीच्या मागे आणखी दोघीजणी नारळ घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

"गे माये," आबा म्हणाले, "ह्या बायचो घोव..."

आणि तिथेच शब्द अडकला. आबांनी डोळे मिटले.

काकीने पदराने कपाळावरचा घाम पुसला. "सावकाश होवंदे," ती म्हणाली. "माका खंय गाडी धरूची आसा?"

सवयीने मागून कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि मग सगळेच म्हणाले.